‘आधी पाहिलंय’ हे मेंदू कसं ठरवतो? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

एखादा चेहरा, शब्द किंवा चित्र समोर आलं की ते आधी भेटलं होतं का, याचा निकाल मेंदू बहुतेक वेळा एका सेकंदाच्या आत लावतो. या निकालाविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांमागे एक समजूत दिसली: आठवण कुठेतरी जपून ठेवलेली असते आणि ओळखताना ती फक्त उघडून पाहायची असते. प्रत्यक्षात ओळखणं हा निर्णय असतो. हाती पुरावा किती आहे हा त्याचा एक भाग, आणि किती पुराव्यावर ‘हो’ म्हणायचं हा दुसरा. हे दोन भाग वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात. पुढची सगळी उत्तरं या एका फरकावर उभी आहेत.

प्रश्न : समोरचा चेहरा ओळखीचा वाटतो, पण कोण, कुठे भेटला होता, ते काही केल्या आठवत नाही. मग मेंदूने ओळखलं म्हणायचं की नाही?

ओळखलं, पण एकाच वाटेने. जुन्या गोष्टीची खूण पटायला मेंदूकडे दोन प्रकारचा पुरावा असतो. पहिला म्हणजे नुसती ओळखीची जाणीव. ती चटकन येते, कमी-जास्त तीव्रतेची असते आणि सोबत कुठलाही तपशील आणत नाही. दुसरा म्हणजे प्रसंगाची आठवण: जागा, वेळ, सोबत कोण होतं, काय बोलणं झालं. ही उशिरा येते, आणि कधी कधी येतच नाही. तुमच्या बाबतीत पहिला पुरावा भरपूर आहे, दुसरा पोहोचलेला नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मँडलर यांनी १९८०मध्ये हा फरक नेमका मांडला. नेहमीच्या जागी रोज दिसणारा माणूस भलत्याच ठिकाणी दिसला तर असंच होतं, हे त्यांचंच उदाहरण.

डोक्यावर इलेक्ट्रोड लावून केलेल्या ईईजी नोंदींत दोन्ही वाटा वेगळ्या काढता येतात. जुनी आणि नवी गोष्ट पाहताना उठणाऱ्या लहरींत पहिला फरक साधारण ३०० ते ५०० मिलिसेकंदांच्या दरम्यान, डोक्याच्या मध्य-पुढच्या भागात दिसतो. तो ओळखीच्या जाणिवेशी जोडला जातो. दुसरा फरक साधारण ५०० ते ८०० मिलिसेकंदांत, डाव्या बाजूला मागे-वर, परायटल भागात दिसतो. प्रसंग आठवला असेल तर हा दुसरा फरक मोठा असतो.

जागाही बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस आहे आणि त्याला लागून पेरिरायनल कॉर्टेक्स. पेरिरायनल भागातल्या बऱ्याच पेशी एखादी वस्तू दुसऱ्यांदा दिसली की पहिल्यापेक्षा कमी प्रतिसाद देतात. ही घट म्हणजेच ‘हे नवं नाही’ असा संकेत. हिप्पोकॅम्पस वस्तू, जागा आणि वेळ यांची सांगड घालतो. अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीचा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. तिचा पेरिरायनल कॉर्टेक्सचा बराच भाग काढला होता, हिप्पोकॅम्पस मात्र शाबूत होता. तिची ओळखीची जाणीव कमकुवत झाली होती, प्रसंग आठवणं ठीक होतं. याच्या उलट, लहानपणी हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या काहींना कालचा प्रसंग सांगता येत नाही, पण पाहिलेल्या वस्तू ते बऱ्यापैकी ओळखतात.

इथे एक वाद अजून मिटलेला नाही. लॅरी स्क्वायर आणि जॉन विक्स्टेड यांच्यासारखे संशोधक म्हणतात की ही दोन खाती नसून एकाच आठवणीची कमी-अधिक ताकद आहे, आणि हिप्पोकॅम्पस दोन्हींना लागतो. आमच्या मते वेळेतला फरक आणि वरच्यासारखी रुग्णांची उदाहरणं दोन वाटांच्या बाजूने जास्त बोलतात. मात्र निर्णयाच्या क्षणी दोन्ही पुरावे एकत्र येऊन वजन टाकतात, हे दोन्ही पक्षांत बऱ्याच जणांना मान्य आहे.

प्रश्न : मी आणि मैत्रिणीने एकच चाचणी दिली. आधी १०० शब्द दाखवले, नंतर ते आणि १०० नवे शब्द मिसळून दाखवले. प्रत्येकाला ‘होता’ किंवा ‘नव्हता’ म्हणायचं. दोघींची २००पैकी १६२ उत्तरं बरोबर आली. पण जुन्या शब्दांपैकी मी ९३ ओळखले, तिने फक्त ६९. म्हणजे माझी स्मरणशक्ती जास्त चांगली ना? (मानसशास्त्राची विद्यार्थिनी)

नाही, दोघींची सारखीच आहे. तुमच्याच आकड्यांतून ते निघतं. तुमची १६२ बरोबर, त्यांतले ९३ जुने, म्हणजे नव्यांपैकी ६९ वेळा तुम्ही बरोबर ‘नव्हता’ म्हणालात आणि ३१ नव्या शब्दांना ‘होता’ म्हणालात. मैत्रिणीने फक्त ७ नव्या शब्दांना ‘होता’ म्हटलं. तुम्ही होकाराला सढळ आहात, ती जपून होकार देते.

याचं गणित १९५०च्या दशकात रडारच्या पडद्यावरचे संकेत ओळखण्याच्या प्रश्नातून पुढे आलं आणि जेम्स ईगन यांनी १९५८मध्ये ते स्मृतीला लावलं. कल्पना अशी: चाचणीतला प्रत्येक शब्द मनात काही ना काही ओळख जागवतो. नवा शब्दही शून्य जागवत नाही, कारण तो भाषेत पूर्वी हजारदा भेटलेला असतो. नव्या शब्दांच्या ओळखीची ताकद मांडली तर घंटेच्या आकाराचा एक आलेख मिळतो. जुन्यांचा आलेख तसाच, पण उजवीकडे सरकलेला. दोन्ही काही भागात एकमेकांवर चढतात. या पट्टीवर तुम्ही कुठेतरी एक रेषा आखता आणि तिच्या उजवीकडे पडेल त्याला ‘होता’ म्हणता. तिला निकषरेषा म्हणू.

आता दोन आकडे काढायचे. अचूक होकारांचं (जुन्या शब्दांना ‘होता’) आणि खोट्या होकारांचं (नव्या शब्दांना ‘होता’) प्रमाण घ्या आणि प्रत्येकाचा झेड गुणांक काढा, म्हणजे ते प्रमाण घंटेच्या आलेखावर मध्यापासून किती दूर पडतं ते सांगणारा आकडा. तुमच्यासाठी ०.९३चा झेड १.४८ आणि ०.३१चा झेड उणे ०.५०. पहिल्यातून दुसरा वजा केला की १.९७ येतो. याला डी-प्राइम म्हणतात. दोन घंटांच्या शिखरांमधलं हे अंतर, म्हणजे खरी ओळखण्याची क्षमता. मैत्रिणीसाठी ०.६९चा झेड ०.५० आणि ०.०७चा उणे १.४८. अंतर पुन्हा १.९७. दुसरा आकडा निकषाचा: दोन झेडची बेरीज करून तिची निमपट घ्या आणि चिन्ह उलटं करा. तुमचा उणे ०.४९ येतो, तिचा अधिक ०.४९. उणे म्हणजे होकाराकडे कल, अधिक म्हणजे नकाराकडे.

निकषरेषा स्मृतीला धक्का न लावता सरकते. ‘यातले ७० टक्के शब्द जुने आहेत’ असं आधी सांगा, लोक रेषा डावीकडे नेतात. खोट्या होकाराला दंड ठेवा, ती उजवीकडे जाते. ही रेषा धरून ठेवण्यात कपाळामागच्या भागाचा मोठा हात आहे. डॅनियल शॅक्टर आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये उजव्या फ्रंटल भागाला इजा झालेल्या एका रुग्णाचा अभ्यास मांडला. तो नव्या चित्रांनाही भराभर ‘पाहिलंय’ म्हणायचा. मात्र नवी चित्रं पूर्णपणे वेगळ्या जातीची दिली, की त्याचे खोटे होकार जवळजवळ थांबायचे. म्हणजे तो साधारण जात जुळली तरी होकार देत होता, नेमक्या वस्तूची खूण मागत नव्हता.

एक बारकावा लक्षात ठेवा. वरचं गणित दोन्ही घंटा सारख्या रुंदीच्या धरतं. प्रत्यक्षात जुन्यांची घंटा साधारण सव्वापट रुंद निघते, कारण सगळे शब्द सारखे पक्के बसत नाहीत. त्यामुळे निकषरेषा खूप वेगळ्या असलेल्या दोन गटांची तुलना करायची असेल तर नुसतं हो-नाही न घेता खात्रीची श्रेणीही विचारावी.

प्रश्न : हा निर्णय मेंदूत नेमका कुठे होतो? आठवण एकीकडे आणि ‘हो’ म्हणणारा भाग दुसरीकडे असं काही आहे का?

एकच जागा नाही, पण कामाची वाटणी बऱ्यापैकी स्पष्ट आहे, आणि गेल्या काही वर्षांतलं सगळ्यांत उत्कंठावर्धक काम इथेच झालं आहे.

आधी निर्णय कसा पिकतो ते पाहू. रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार पुरावा एकदम येत नाही. थेंबाथेंबाने भांडं भरावं तसा साठत जातो आणि एका पातळीला पोहोचला की निर्णय सुटतो. दोन बाजूंना दोन पातळ्या असतात, ‘जुनं’ची आणि ‘नवं’ची. या प्रतिमानात मोजण्याजोग्या चार गोष्टी आहेत. पुरावा साठण्याचा वेग, म्हणजे आठवण किती पक्की. दोन पातळ्यांमधलं अंतर, म्हणजे माणूस किती सावध. सुरुवात कुठून झाली, म्हणजे आधीपासूनचा कल. आणि पाहणं व बटण दाबणं यांत जाणारा वेळ, ज्याचा निर्णयाशी संबंध नाही. वय वाढल्यावर लोक हळू उत्तर देतात. त्यांची आकडेवारी या प्रतिमानात बसवली की बऱ्याचदा दिसतं ते असं: पातळ्यांमधलं अंतर आणि निर्णयाबाहेरचा वेळ वाढलेला असतो, साध्या शब्दांसाठी पुरावा साठण्याचा वेग मात्र फारसा उतरलेला नसतो. ‘हळू’ म्हणजे ‘विसरभोळा’ नव्हे, हे एवढ्या नेमकेपणाने दाखवणारी पद्धत विरळाच.

आता पेशी. तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांत झटका कुठून उठतो ते शोधण्यासाठी मेंदूत खोलवर तारा बसवतात. रुग्णांच्या संमतीने त्याच तारांतून एकेका पेशीची नोंद घेता येते. यूली रुटिसहाउसर यांच्या गटाला हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा अमिग्डाला या भागांत दोन प्रकारच्या पेशी सापडल्या. काही जुनं चित्र दिसलं की जास्त धडधडतात, काही नवं दिसलं की. एकदाच पाहिलेल्या चित्रालाही हा फरक पडतो. २०१५च्या त्यांच्या शोधनिबंधात दिसलं की व्यक्ती उत्तराबाबत खात्रीशीर असेल तेव्हा हा फरक ठळक असतो, साशंक असेल तेव्हा पुसट. म्हणजे पुराव्याची ताकद इथेच लिहिलेली आहे.

त्याच गटाचा २०२०मधला ‘सायन्स’मधला अभ्यास तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो. यूरी मिंक्सा हे त्याचे पहिले लेखक. सहभागी व्यक्तींना तीच चित्रं दाखवून कधी विचारलं, ‘हे आधी पाहिलंय का?’ आणि कधी, ‘हे अमुक प्रकारातलं आहे का?’ उत्तर कधी बटणाने द्यायचं, कधी नजर वळवून. हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला यांतले संकेत प्रश्न बदलला तरी फारसे बदलले नाहीत. कपाळामागे दोन्ही गोलार्धांच्या मधल्या भिंतीवरचा जो मध्य-फ्रंटल भाग आहे, तिथले मात्र बदलले. आठवणीवर आधारलेला निर्णय तिथे वेगळा उमटत होता, प्रकार ठरवण्याचा वेगळा. आणि उत्तर बटणाने दिलं की नजरेने, याने फरक पडत नव्हता. शिवाय आठवणीचा प्रश्न असताना तिथल्या पेशी हिप्पोकॅम्पसमधल्या थीटा लहरींशी ताल धरून संकेत सोडत होत्या. या लहरी सेकंदाला काही मोजक्याच वेळा चढतात-उतरतात. गरज पडेल तेव्हा फ्रंटल भाग आठवणीच्या भागाशी जोडणी कशी करतो, याचा इतका थेट पुरावा माणसात क्वचितच मिळतो.

परायटल भागाचं काय, हे विचारणारं आणखी एक पत्र आहे. जुनी गोष्ट ओळखताना तो भाग स्कॅनमध्ये हमखास उजळतो, म्हणून पुरावा तिथेच साठतो असा अंदाज होता. पण दोन्ही बाजूंच्या परायटल भागांना इजा झालेले रुग्ण बरीचशी उत्तरं बरोबरच देतात. फक्त त्या उत्तरांवरचा त्यांचा विश्वास उतरतो. त्यामुळे तो भाग आठवणीचं कोठार नक्कीच नाही. आठवल्याची जाणीव आणि खात्री यांच्याशी त्याचं नातं जास्त घट्ट दिसतं.

प्रश्न : जास्त विचार केला तर ओळखण्यातल्या चुका कमी होतात का?

सुरुवातीचा पाऊण सेकंद फार मोलाचा, नंतरचा फारसा नाही. चाचणीत ठरावीक क्षणी आवाज करून ताबडतोब उत्तर मागितलं तर पहिल्या ३०० मिलिसेकंदांत उत्तर नाणेफेकीच्या पलीकडे जात नाही. त्यानंतर अचूकता झपाट्याने चढते आणि सपाट होते.

मात्र फसवा पर्याय खऱ्यासारखाच असेल तर चित्र वेगळं. यादीत ‘झाड’ असताना चाचणीत ‘झाडं’ दिलं अशा धर्तीचे प्रयोग डग्लस हिंट्झमन आणि टिम करन यांनी १९९४मध्ये इंग्रजी शब्दांवर केले. अशा शब्दांना खोटा होकार आधी वाढतो आणि मग उतरतो. ओळखीची जाणीव लवकर पोहोचून ‘हो’ म्हणते. प्रसंगाची आठवण मागाहून येऊन ‘नाही, एकवचन होतं’ असं सांगते आणि तो होकार मागे घेते. तेव्हा मिळतंजुळतं काही ओळखायचं असेल तर एक-दोन सेकंद थांबणं फायद्याचं. त्यापुढे ताणत बसलं तर हाती नवा पुरावा सहसा येत नाही.

प्रश्न : मला शंभर टक्के खात्री असते आणि तरी ते चुकीचं निघतं. हे कसं?

कारण मेंदूला मिळणाऱ्या संकेतावर तो कुठून आला ते लिहिलेलं नसतं. स्वतः करून पाहा. हे शब्द कुणाला तरी सावकाश वाचून दाखवा: गादी, उशी, रात्र, जांभई, स्वप्न, अंथरूण, डुलकी, पेंग, पहुडणं, घोरणं, पांघरूण, थकवा. दोन-तीन मिनिटं इतर बोलून मग विचारा, ‘जांभई होता का? खिडकी होता का? झोप होता का?’ ‘झोप’ला ठाम होकार देणारे बरेच निघतील. हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमट यांनी १९९५मध्ये अशा याद्यांवर काम केलं, तेव्हा न ऐकलेल्या मध्यवर्ती शब्दाला मिळणारे होकार खरोखर ऐकलेल्या शब्दांच्या तोडीस तोड आले. यादीतला प्रत्येक शब्द ‘झोप’ला मनात थोडं थोडं जागं करतो, आणि ती साठलेली जाग ओळख म्हणून मोजली जाते.

दुसरं कारण सहजता. जे वाचायला, पाहायला सोपं गेलं ते ओळखीचं वाटतं. लॅरी जॅकोबी आणि केविन व्हाइटहाउस यांनी १९८९मध्ये चाचणीतला शब्द दाखवण्याआधी तोच शब्द क्षणभर, लक्षातही येणार नाही इतका झटकन चमकवला. नव्या शब्दांनाही ‘जुना’ म्हणणं वाढलं. तोच शब्द स्पष्ट दिसेल इतका वेळ दाखवला तर परिणाम उलटा झाला, कारण सहजतेचं खरं कारण लोकांना कळलं आणि त्यांनी ती वजा केली.

म्हणून खात्री वाटली की स्वतःला दुसरा प्रश्न विचारा: तेव्हा सोबत आणखी काय होतं? तपशील आला तर खात्री बऱ्याच अंशी पक्की. नुसतं ‘पण मला माहितेय’ एवढंच येत राहिलं तर ती खात्री सहजतेतूनही आलेली असू शकते.

प्रश्न : आईचं वय ७४. अनोळखी माणसंही तिला ओळखीची वाटतात. काळजी करावी का?

वय वाढताना प्रसंगाची आठवण जास्त उतरते, ओळखीची जाणीव बरीचशी टिकते. त्यामुळे मिळत्याजुळत्या चेहऱ्यांना ‘पाहिलंय’ म्हणणं वाढतं, आणि ते खोडून काढणारा तपशील वेळेवर येत नाही. आठवण करून दिल्यावर त्या ‘अरे हो, ती वेगळी’ असं म्हणत असतील तर हे या वयात पुष्कळांना होतं. पण हे अचानक सुरू झालं असेल, जवळजवळ प्रत्येक अनोळखी माणूस ओळखीचा वाटत असेल, समजावूनही त्या ठाम राहत असतील, किंवा सोबत वाट चुकणं, तेच तेच विचारणं दिसत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. जाताना दोन-तीन घटना तारखेसह लिहून न्या. ‘हल्ली विसरते’ एवढ्यावरून डॉक्टरांना फार काही कळत नाही.

प्रश्न : धडा चार-पाच वेळा वाचला की सगळं येतंय असं वाटतं, परीक्षेत मात्र कोरं. हाही ओळखण्याचाच गोंधळ का?

हो, अगदी तोच. पाचव्या वाचनात ओळी सहज सरकतात आणि ती सहजता ‘मला येतं’ म्हणून मोजली जाते. परीक्षेत मजकूर समोर नसतो, त्यामुळे ती सहजताही नसते. रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६मध्ये दोन गट केले: एकाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडं फिरलं: ४२ विरुद्ध ५६. तेव्हा वाचन एकदा-दोनदा, मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं, आणि नंतर पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाने भरायचं. पुढच्या वेळी अभ्यास त्या रंगाचा.

प्रश्न : साक्षीदाराला संशयिताची ओळख पटवायला सांगतात तेव्हा त्याच्या खात्रीवर किती भिस्त ठेवावी?

पहिल्या वेळी, नीट घेतलेल्या ओळख परेडमध्ये, लगेच सांगितलेल्या खात्रीला खरंच वजन असतं. महिन्यांनी न्यायालयात सांगितलेल्या खात्रीला तेवढं नसतं. मधल्या काळात ती फुगते. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८मध्ये दाखवलं की चुकीची निवड करणाऱ्यालाही नंतर ‘छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत’ एवढं म्हटलं, तर आपण तेव्हा किती खात्रीशीर होतो, चेहरा किती नीट दिसला होता, या सगळ्याच्या आठवणी वरच्या दिशेने बदलतात.

निर्णयाच्या अंगाने पाहिलं तर मुख्य धोका असा: रांगेत खरा गुन्हेगार नसेल तरी त्यातल्या त्यात जास्त जुळणारा कुणीतरी असतोच, आणि साक्षीदार निकषरेषा खाली आणून त्याला निवडतो. त्यावर उपाय सोपे आहेत, फक्त सगळे एकत्र पाळावे लागतात. रांगेतले बाकीचे लोक साक्षीदाराने दिलेल्या वर्णनात बसणारे हवेत, नाहीतर संशयित आपोआप उठून दिसतो. परेड घेणाऱ्याला संशयित कोण ते माहीत नसावं. त्याच्या चेहऱ्यावरूनही इशारा जातो. ‘तो इथे नसेलही’ हे आधी स्पष्ट सांगायचं. खात्री लगेच, साक्षीदाराच्या शब्दांत नोंदवायची, आणि तोवर एकही प्रतिक्रिया द्यायची नाही. माणसं एकेक करून दाखवली तर चुकीच्या निवडी घटतात, पण बरोबर निवडीही काही प्रमाणात घटतात. आमच्या मते हा मुख्यतः निकषरेषा वर नेण्याचा परिणाम आहे, साक्षीदाराची नजर त्याने सुधारत नाही.

प्रश्न : महाविद्यालयात ओळखण्याच्या स्मृतीवर प्रयोग करायचा आहे. कसा मांडावा? (दोन शिक्षकांची पत्रं)

१२४ नेहमीच्या वापरातले दोन-तीन अक्षरी शब्द जमवा. अगदी दुर्मीळ शब्द मिसळू नका. दुर्मीळ शब्दांना अचूक होकार जास्त आणि खोटे होकार कमी मिळतात, मग फरक कशाचा ते कळत नाही. एकाच विषयातले बरेच शब्दही नकोत, नाहीतर वरच्या ‘झोप’सारखं होतं. १२०चे दोन संच करा, अ आणि ब, ६०-६०चे. अर्ध्या विद्यार्थ्यांना अ संच शिकवा, अर्ध्यांना ब. अ संच मुळातच सोपा असेल तरी त्याचा परिणाम या अदलाबदलीने धुऊन निघतो. उरलेल्या चारपैकी दोन शब्द यादीच्या सुरुवातीला आणि दोन शेवटी ठेवा. ते तपासायचे नाहीत. पहिले आणि शेवटचे शब्द नेहमीच जास्त लक्षात राहतात, हे चार तो फायदा स्वतःवर घेतात.

प्रत्येक शब्द पडद्यावर २ सेकंद, मध्ये अर्धा सेकंद रिकामा. संपल्यावर तीन मिनिटं ५००पासून तीन-तीन वजा करत लिहायला लावा, म्हणजे मनात उजळणी होत नाही. मग १२० शब्द मिसळून, एकेक करून दाखवा. जुने किंवा नवे, एकाच जातीचे तीनपेक्षा जास्त सलग येऊ देऊ नका. उत्तर १ ते ६ या श्रेणीत: १ म्हणजे नक्की नवा, ६ म्हणजे नक्की जुना. ४, ५, ६ हे होकार धरायचे.

समजा एकाने ६० जुन्यांपैकी ५१ना आणि ६० नव्यांपैकी १८ना होकार दिला. थेट भागाकार करू नका. कुणाचे ६०पैकी ६० आले किंवा खोटा होकार शून्य आला तर झेड अनंत होतो आणि हिशेब अडतो. म्हणून सगळ्यांसाठीच वर ०.५ आणि खाली १ मिळवा: ५१.५ भागिले ६१ म्हणजे ०.८४४, झेड १.०१, १८.५ भागिले ६१ म्हणजे ०.३०३, झेड उणे ०.५२. डी-प्राइम १.५३, निकष उणे ०.२५. स्प्रेडशीटमध्ये झेडचं सूत्र तयारच असतं.

आकडे बिघडण्याची नेहमीची ठिकाणं तीन. काही विद्यार्थी शेवटाकडे कंटाळून सरसकट एकच आकडा देतात; त्या भागात त्यांचा डी-प्राइम शून्याजवळ येतो. पहिल्या आणि शेवटच्या ३० उत्तरांची तुलना केली की ते सापडतात. काहींनी श्रेणी उलटी समजून घेतलेली असते. त्यांचा डी-प्राइम मोठा पण उणे निघतो. अशांना पुन्हा विचारून खात्री करा, मनाने आकडे उलटवू नका. आणि सगळ्या वर्गाची उत्तरं आधी एकत्र करून एकच डी-प्राइम काढण्याचा मोह टाळा. निकषरेषा वेगवेगळ्या असलेल्या लोकांची प्रमाणं एकत्र केली की क्षमता आहे त्यापेक्षा कमी दिसते. प्रत्येकाचा वेगळा काढा आणि मग सरासरी घ्या.